कलम : एक शब्द की अनेक?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द साधा, रोजच्या वापरातला आहे : 'कलम'. आधी पाच वाक्यं ऐका.

'पोलिसांनी कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवला?' हे झालं वर्तमानपत्रातलं. 'यंदा पावसाच्या सुरुवातीला हापूसची दहा कलमं लावायची आहेत.' हे आमच्या कोकणातलं. 'हातात कलम धरली की भीड सोडावी लागते.' हे कुणा लेखकाचं. 'बादशहानं त्याचं सर कलम करण्याचा हुकूम दिला.' हे ऐतिहासिक नाटकातलं. आणि पाचवं, संस्कृतच्या तासाला ऐकू येईल असं : 'शेतात कलम नावाचं भात डोलत होतं.'

कायद्याचा परिच्छेद, आंब्याचं रोप, लिहायचं साधन, मान उडवणं आणि तांदळाची जात. शब्द एक आणि अर्थ पाच, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नाही. लिंगसुद्धा एक नाही. झाडाचं ते कलम, कायद्याचंही ते कलम, पण लिहायची मात्र बहुतेकांच्या तोंडी ती कलम.

शब्दकोश तयार करणाऱ्यांपुढे असा शब्द आला की त्यांना निवाडा करावा लागतो. हा एकच शब्द आहे आणि त्याचे अर्थ फिरत फिरत लांब गेले आहेत, की मुळातच वेगळे शब्द आहेत आणि योगायोगानं त्यांचा उच्चार सारखा झाला आहे? दोन साधी उदाहरणं घेऊ. आपण धान्य पाखडतो ते सूप आणि हॉटेलात जेवणाआधी पितो ते सूप. पहिलं संस्कृत 'शूर्प'वरून आलं, दुसरं इंग्रजीतून. उच्चार तोच, पण नातं काही नाही. म्हणून कोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या. उलट 'डोळा' घ्या. माणसाचा डोळा, बटाट्याचा डोळा, गुलाबाच्या काडीवरचा डोळा, मोराच्या पिसाऱ्यावरचा डोळा. हे सगळे एकाच डोळ्याचे अर्थ. म्हणून नोंद एक आणि तिच्याखाली अर्थ एक, दोन, तीन, चार.

मग कलमाच्या नोंदी किती करायच्या?

शोध लिहिण्यापासून सुरू करू या, कारण धागा तिथे सापडतो. ग्रीक भाषेत 'कालामॉस' म्हणजे बोरू, म्हणजे नदीकाठी उगवणारं पोकळ दांड्याचं गवत. त्या दांड्याला टोक काढून लोक लिहीत, म्हणून लेखणीलाही तेच नाव मिळालं. लॅटिनमध्ये तो शब्द 'कालामुस' झाला, अरबीत 'क़लम'. इस्लामच्या उदयाच्या वेळी, म्हणजे सातव्या शतकात, तो अरबीत मुरलेला होता. कुराणाच्या अडुसष्टाव्या अध्यायाचं नावच 'अल्-क़लम' आहे. अरबीतून तो फारसीत आला आणि फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा असल्यामुळे बहामनी काळापासून इथल्या कचेऱ्यांतून मराठीत उतरला.

लॅटिनकडे गेलेल्या भावंडाचीही एक गंमत सांगतो. लॅटिनमध्ये लेखणी ठेवायच्या पेटीला, म्हणजे कलमदानाला, 'कालामारियुम' म्हणू लागले. समुद्रात एक प्राणी असतो, त्याच्या पोटात शाईची पिशवी असते आणि पाठीत लेखणीसारखी एक पातळ, पारदर्शक पट्टी. इटलीतल्या लोकांनी त्याला कलमदानाचंच नाव दिलं. त्यातूनच आजच्या हॉटेलांतल्या यादीत दिसणारं 'कॅलामारी' आलं. आमच्या किनाऱ्यावर त्याला म्हाकूल म्हणतात. कोळणीच्या पाटीतलं म्हाकूल आणि कवीची कलम यांचं असं दूरचं नातं निघतं.

मराठी मुलखात मात्र हे साधन बोरू नावानंच अधिक ओळखलं गेलं. मोडी लिहिणारे कारकून बोरू तासून घेत. त्यांच्या हुद्द्यांमध्ये फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा हा शब्द होता. मराठीत त्याचा 'नीस' झाला. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस ही आडनावं ऐका. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. ही अस्सल मराठी घराणी आहेत आणि पिढ्यान् पिढ्या त्यांच्या नावाच्या शेवटी फारसी लेखक बसलेला आहे. ते आडनाव कुणालाही परकं वाटत नाही आणि वाटूही नये.

आता पुढची पायरी. बोरूचा दांडा नुसता तोडून आणला की तो कलम होत नाही. तो वाळवायचा, धारदार चाकूनं तिरका तासायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक एका घावात तिरकं छाटायचं. उर्दू-फारसी सुलेखन करणारे खुशनवीस या शेवटच्या छाटणीला फार जपतात. टोक जेवढं रुंद, तेवढ्या रुंदीचा एक ठिपका उठतो, आणि त्या ठिपक्यांनीच अक्षरांची मापं ठरतात. काप चुकला की सगळं अक्षर चुकलं.

म्हणजे लेखणी ही कापण्यातून जन्माला येते. म्हणूनच फारसीत 'कलम करणे' म्हणजे छाटणे असा अर्थ झाला. एका घावात बोरूचं टोक उडवतात तसं माणसाचं डोकं उडवणं, हे 'सर कलम करणे'. आणि झाडाची काडी तिरकी छाटून घेणं, हेही कलम. त्या छाटलेल्या काडीलाही कलमच म्हणू लागले. तिच्यापासून नवं झाड करण्याच्या कृतीला आणि त्या झाडालासुद्धा तेच नाव मिळालं. अर्थ लांब गेले ते असे, एका चाकूच्या धारेवरून.

हे मी केवळ कोशातून सांगत नाही. माझे बाबा कलमं बांधत. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. घरात उर्दू नव्हे, कोकणी बोली. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. वर्तमानपत्र ते बोट ठेवून वाचत, पण पत्र लिहायचं झालं की कागद माझ्याकडे सरकवत. त्यांच्या लहानपणी भेटकलमाची पद्धत होती. रायवळ आंब्याचं रोप कुंडीत वाढवायचं, हापूसच्या झाडाजवळ माच बांधून ती कुंडी त्यावर ठेवायची, रोपाची आणि फांदीची साल थोडी थोडी काढून दोघांना समोरासमोर बांधायचं आणि दोन-तीन महिने पाणी घालत वाट बघायची. दोघांचा जीव एक झाला की मग हापूसची फांदी जोडाच्या खालून कापून झाडापासून वेगळी करायची. पुढे कोयकलमं आली. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्या पद्धतीचा गावोगाव प्रसार केला. पावसाळ्यात रायवळच्या कोया रुजवायच्या. दोन-तीन आठवड्यांचं, अजून तांबूस पानांचं रोप घ्यायचं, वरून छाटायचं, दांड्याला मधोमध चीर द्यायची. हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची, ती त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची.

तिरका तास आणि मधोमध चीर. बोरूचंही तेच, काडीचंही तेच. फरक एवढाच की बोरूच्या चिरेतून शाई उतरते आणि रोपाच्या चिरेतून रस वर चढतो.

महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा कलमांना एवढी मागणी वाढली की बाबांना जेवायला फुरसत नसे. त्यांच्या अंगठ्याला पडलेला घट्टा चाकूचा होता. माझ्या मधल्या बोटाला पडला तो पेनाचा. त्या काळात मी बी. ए. करत होतो आणि कविता लिहायला लागलो होतो. बाबांना कुणी विचारलं, 'मुलगा काय करतो?' तर ते म्हणत, 'तोही कलमंच करतो, पण त्याला फळ धरायला वेळ लागतो.' लोक हसत. मला तेव्हा तो विनोद वाटायचा. पुढे कोश चाळू लागलो तेव्हा कळलं की चौथी शिकलेल्या माणसानं व्युत्पत्ती अगदी बरोबर सांगितली होती.

आता कायद्याचं कलम. हे कापण्यातून आलेलं नाही, लिहिण्यातून आलेलं आहे. दप्तरात प्रत्येक बाब वेगळी, नव्या ओळीवर लिहिण्याची रीत होती. अशी एक बाब म्हणजे एक कलम. फारसीतही हिशेबातल्या बाबीला हा शब्द होता. मराठी दप्तरात तो पक्का झाला. जमाखर्चाची कलमं झाली, यादीची कलमं झाली, तहाची कलमं झाली. मग इंग्रजी कायदे आले. भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या प्रत्येक परिच्छेदाला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न उभा राहिला नाही. शब्द तयार होता.

इथे एक गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. कायद्याच्या परिच्छेदाला हिंदीत 'धारा' म्हणतात. उर्दूत 'दफ़ा' म्हणतात, जुन्या हिंदी सिनेमातल्या न्यायाधीशांच्या तोंडून आपण 'दफा तीन सौ दो' किती वेळा ऐकलं आहे. पण 'कलम' म्हणतो तो मराठी माणूस, आणि आपला शेजारी गुजराती. लखनौच्या एखाद्या उर्दू वकिलाला 'कलम तीनशे दोन' म्हटलं तर तो आधी तुमच्या खिशाकडे बघेल. म्हणजे शब्द बाहेरून आला, पण हा अर्थ इथल्या दप्तरात वाढला. 'एककलमी कार्यक्रम' हा शब्दप्रयोगही असाच आपला आहे.

कायदे बदलतात, त्यांची कलमंही बदलतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं आहे. जमावबंदीचं १४४ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. पण आपण अजून लबाड माणसाला चारशेवीसच म्हणतो. कलम गेलं तरी शब्द मागे राहतो.

आमच्या घरात एक कलम मात्र कुणी विसरलेलं नाही. आजोबा कुळ होते. खोताची जमीन कसत होते. मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा १९४८ चा. त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. ते कलम ३२. मग किंमत ठरवणारं ३२-ग आणि खरेदीचं प्रमाणपत्र देणारं ३२-म. कोकणातल्या जुन्या माणसांना बाराखडीतलं 'ग' आणि 'म' या कागदांवरून माहीत आहे. आजोबांना लिहिता येत नव्हतं. ते प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत, कपड्याच्या घडीत असे, आणि आजी वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवी. त्या जमिनीत बाबांनी पहिली कलमं लावली. कायद्याच्या कलमानं जमीन आली, जमिनीत आंब्याची कलमं आली, आंब्याच्या पैशांवर माझं कॉलेज झालं आणि हातात कलम आली. तिन्हींचा उगम एकाच बोरूच्या बेटात आहे हे आजोबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, 'असेल बाबा. कागद नीट ठेव.'

तेव्हा लेखणी, छाटणी, आंब्याचं कलम, कायद्याचं कलम, हे सगळे एकाच नोंदीत बसतात. दिसायला एकमेकांशी संबंध नसलेले, पण एकाच आईची मुलं. त्याच नोंदीत आणखीही भावंडं आहेत. आंध्र प्रदेशात श्रीकालहस्तीला बांबूच्या लेखणीनं कापडावर चित्रं काढतात ती कलमकारी. चित्रकलेच्या शैलीला 'कांगडा कलम', 'पहाडी कलम' म्हणतात ते. लेखणीसारखे लांब स्फटिक होतात तो कलमी सोरा.

आता तांदळाकडे वळू. तिथे मात्र गोष्ट वेगळी आहे. संस्कृतात 'कलम' हा शाळी-भाताचा एक प्रकार आहे. चरकसंहितेत तांदळांच्या यादीत तो येतो, अमरकोशात येतो. कालिदासानं रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाचं वर्णन करताना त्याचा सुंदर उपयोग केला आहे. रघूनं वंग देशातल्या राजांना उखडलं आणि पुन्हा त्यांच्या जागी बसवलं. तेव्हा उपटून पुन्हा लावलेलं कलम जातीचं भात जसं वाकून भरघोस फळ देतं, तसे ते राजे नम्र होऊन त्याला संपत्ती देऊ लागले, असं तो म्हणतो. पावसात आवण उपटून लावणी करणाऱ्या कुणाही कोकणी माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

बघा, इथेही रोप उपटणं आणि लावणं आहेच. आंब्याच्या कलमाशी हे किती जुळतं! एखाद्याला मोह होईल की हे सगळं एकच, आणि कलम शब्द मुळातला संस्कृतच. पण व्युत्पत्ती जुळण्यावर चालत नाही, पुराव्यावर चालते. लेखणीपासून छाटणीपर्यंत आणि छाटणीपासून आंब्यापर्यंत प्रत्येक पायरी आपल्याला दाखवता येते. भातापासून लेखणीपर्यंतची अशी पायरी दाखवता येत नाही. म्हणून तांदळाची नोंद वेगळी. घरासारखंच हुबेहूब घर, पण माणसं निराळी.

तिसरी नोंद माझ्या लहानपणाशी जोडलेली आहे. सकाळी शाळेआधी आम्ही गावातल्या मशिदीत मौलवीसाहेबांकडे अक्षरं शिकायला जात असू. अरबीत 'क' दोन आहेत. एक 'काफ़', आपल्या क सारखा. दुसरा 'क़ाफ़', तो नरड्याच्या तळातून काढावा लागतो. आम्हा कोकणी पोरांना तो दुसरा क काही जमत नसे. मौलवीसाहेब म्हणत, 'अरे, माशाचा काटा अडकल्यासारखा काढ.' मग मात्र सगळ्यांना जमायचा.

या दोन अक्षरांमुळे अरबीत शब्दांची दोन घराणी होतात. लेखणीचा 'क़लम' नरड्यातल्या क चा. आणि 'कलमा', म्हणजे मुसलमान श्रद्धेनं उच्चारतात ते वचन, तो साध्या क चा. कलमा या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'शब्द' असा आहे. त्याच घराण्यातला 'कलाम', म्हणजे वाणी, बोलणं, कवीची रचना. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावातला आणि राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या नावातला कलाम तो हाच, वाणीचा. मराठीत क एकच, त्यामुळे कलम, कलमा आणि कलाम ही सख्खी भावंडं वाटतात. एका शाळेच्या समारंभात प्रमुख पाहुणे मोठ्या उत्साहानं म्हणाले, 'डॉक्टर कलामांच्या नावातच कलम आहे, म्हणून मुलांनो, हाती कलम घ्या!' मुलांनी टाळ्या वाजवल्या. सल्ला उत्तम होता, म्हणून मीही वाजवल्या. पण नातं खरं नव्हे.

तेव्हा हिशेब असा लागतो. वेगळे वाटणारे चार-पाच अर्थ मुळात एक निघाले, आणि एकसारखे वाटणारे शब्द मुळात परके निघाले. नुसत्या कानानं ठरवलं असतं तर दोन्हीकडे चुकलो असतो.

श्रोतेहो, हे सगळं मी इतक्या तपशिलानं का सांगतो आहे? शब्दांची मौज म्हणून तर आहेच. पण माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न रोजचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली होती. तिच्यात बाबांचा चाकू होता आणि माझा कागद होता, आणि दोन्हींना मिळून एकच शब्द होता, कलम. कविता एका दिवाळी अंकाकडे पाठवली. छापून आली तेव्हा 'कलम'च्या जागी 'लेखणी' होती. संपादकांनी सौजन्यानं कळवलं होतं, 'आपला शब्द उर्दू वाटतो, म्हणून तेवढा बदल केला आहे. बाकी आपलं मराठी फारच शुद्ध आहे.' बदल एका शब्दाचा होता. पण कवितेतून माझे बाबा निघून गेले. कारण लेखणीला आंबे लागत नाहीत.

त्याच सुमारास एका मुशायऱ्यात मी मराठी कविता वाचली. नंतर एक उर्दू शायर प्रेमानं म्हणाले, 'कलम तो हमारा लफ़्ज़ है, आप ले गए.' मी त्यांना विचारलं, 'साहेब, तुमच्याकडे सत्तर वर्षांच्या झाडाला कलम म्हणतात का?' ते गोंधळले. उर्दूत कलम म्हणजे छाटलेली काडी. कोकणात मात्र काडीचं झाड झालं, झाडाला खोड आलं, खोडाला दोन माणसांची मिठी पुरेनाशी झाली, तरी ते कलमच. 'आमची वीस कलमं आहेत' म्हणजे वीस मोठी, फळं देणारी झाडं. हा अर्थही इथलाच.

एकाला तो शब्द आपला वाटत नव्हता म्हणून काढायचा होता, दुसऱ्याला तो आपलाच वाटत होता म्हणून परत हवा होता. दोघांनीही त्या शब्दानं मराठीत काय काय केलं ते पाहिलं नव्हतं.

हा वाद नवा नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली. 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द तिच्यातून आले आणि रुळले. चांगले शब्द आहेत, मीही वापरतो. कवी माधव ज्यूलियन यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्यांनी मराठीत गझल आणली, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्यांना शब्दांचं मूळ माहीत होतं, आणि तरीही काय ठेवावं, काय टाकावं हा प्रश्न त्यांना सुटा सोपा वाटला नसणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवा शब्द जरूर घडवावा. पण जुना काढण्याआधी तो किती कामं करतो ते मोजावं. 'लेखणी' कवीचं काम करील, पण बागायतदाराचं आणि वकिलाचं करणार नाही. 'कलम' तिघांचं करतो. सावरकरांच्या काळातही रत्नागिरीच्या बागांत कलमं कलमंच राहिली, कारण तिथे शब्द बदलून भागत नव्हतं. नाव आणि झाड एकत्र वाढलं होतं.

आणि मूळ कुठलं, या प्रश्नाचं काय? कलमं बांधणाऱ्याला विचारा. हापूस हे नावच मुळी पोर्तुगीज, 'अफोन्सो'वरून आलेलं. मुळं रायवळची, इथल्या मातीतली. फळ हापूसचं. जोड कुठे आहे ते खोडाच्या तळाशी नीट बघितलं तर पुढे कित्येक वर्षं दिसतं. ते लपवायचं काही कारण नसतं. कलम बांधणारा त्या जोडाची एकच परीक्षा करतो. पट्टी सोडल्यावर वरची काडी हिरवी आहे का, तिला नवी पालवी फुटली आहे का, एवढंच. आणि जोडाच्या खालून रायवळचे फुटवे जोर करू लागले तर ते खुडतो, कारण दोघांनी एकमेकांना जगू द्यायचं तर एवढी निगा राखावीच लागते.

ती कविता पुढे माझ्या संग्रहात आली तेव्हा मी 'कलम' शब्द परत जागेवर ठेवला. तळटीप दिली नाही. आमच्या गावातल्या वाचनालयात तो संग्रह एका बागायतदारानं वाचला. भेटल्यावर म्हणाला, 'कविता कळली. पण काडी तासायचं वर्णन थोडं कमी पडलं.' त्याला त्या शब्दात चाकू दिसला होता. मला आणखी काय हवं होतं!

तेव्हा तुमच्याही बोलण्यात असा एखादा अनेक अर्थांचा शब्द आला की थोडं थांबा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोश उघडा. एखादा शब्द परका वाटला तर त्याचे सगळे अर्थ आधी मोजा. कदाचित त्यातला एखादा तुमच्याच शेतातला निघेल.